घाट उतरताना ट्रॉली कोण धरते?

प्रश्न: आमचे गाव करवीर तालुक्यात, गगनबावडा रस्त्यालगत आहे. घरी ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि दोन चाकांच्या दोन ट्रॉल्या आहेत. वैभववाडीजवळच्या एका आंबा बागायतदारांना १२ ट्रॉल्या शेणखत पोहोचवायचे मी अंगावर घेतले. त्यांपैकी ५ खेपा पाऊस लागण्यापूर्वी झाल्या, ७ राहिल्या आहेत आणि बागायतदारांचे रोज फोन येत आहेत. माझे चुलते वीस वर्षे गाळप हंगामात दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याला ऊस घालतात. त्यांचे म्हणणे असे, की आपला ट्रॅक्टर उसाचे एवढे वजन ओढतो, तर खताचे काय घेऊन बसलास. दोन्ही ट्रॉल्या एकदम ने आणि येताना जांभा चिरा भरून आण, म्हणजे परतीचे डिझेल सुटेल. वडील मात्र पावसात वाटेतला करूळ घाट उतरू नकोस म्हणतात. मागच्या खेपेला उतारावर गिअर बदलताना ट्रॉलीने ट्रॅक्टर पुढे ढकलल्यासारखा वाटला. हे मी घरी सांगितलेले नाही. मी काय करावे?
– एक वाचक, करवीर

उत्तर: जी गोष्ट तुम्ही घरी सांगितली नाही, ती मला लिहिलीत, याबद्दल तुमचे आभार मानतो आणि तिच्यापासूनच सुरुवात करतो. ट्रॉलीने ट्रॅक्टर ढकलल्यासारखा वाटला, असे तुम्ही लिहिता. माझ्या मते तिने तो खरोखरच ढकलला. गिअर बदलण्यासाठी तुम्ही क्लच दाबलात, त्या क्षणी इंजिनाचा आणि चाकांचा संबंध सुटला. तोपर्यंत इंजिन मागचे सगळे वजन धरून होते, ते मोकळे झाले आणि ट्रॉलीला पुढे यायला वाव मिळाला. रस्ता कोरडा होता आणि गिअर पुन्हा पडला म्हणून निभावले. हाच प्रसंग ओल्या रस्त्यावर, वळणाच्या तोंडाशी घडला असता तर काय झाले असते, याचा विचार तुमच्या मनात आला असणारच, नाहीतर तुम्ही पत्र लिहिले नसते.

तुमच्या चुलत्यांचा अनुभव मोठा आहे आणि तो खोटाही नाही. परंतु तो गाळप हंगामातला, म्हणजे बहुतांश कोरड्या दिवसांतला, आणि नदीकाठच्या बऱ्याचशा सपाट रस्त्यांवरचा आहे. तिथे प्रश्न ट्रॅक्टर किती ओढू शकतो, हा असतो. घाट उतरताना ट्रॅक्टर मागचे वजन किती धरून ठेवू शकतो, हे पाहावे लागते, आणि या दोन क्षमता एकच नव्हेत. ओढण्याची क्षमता इंजिनाच्या अश्वशक्तीवर आणि गिअरवर पुष्कळशी अवलंबून असते. धरून ठेवण्याची क्षमता मात्र शेवटी मागच्या दोन टायरांची रस्त्यावर किती पकड आहे, यावरच येऊन थांबते, कारण आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात आणि बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात.

याचा हिशेब आपण ढोबळमानाने मांडून पाहू, कारण चुलत्यांसमोर केवळ भीती सांगण्यापेक्षा आकडे मांडणे बरे. घाटात दर १५ मीटरला १ मीटर उतरणारा रस्ता धरा. खत आणि ट्रॉली मिळून ५ टन वजन असेल, तर त्या उतारावर ती ट्रॉली सतत सुमारे ३३० किलोच्या जोराने ट्रॅक्टरला मागून रेटत असते. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन २ टन धरले, तर त्याचा जोर आणखी सुमारे १३० किलो. म्हणजे केवळ वेग वाढू नये एवढ्यासाठी मागच्या चाकांना ४६० किलोचा जोर अडवून धरावा लागतो. त्या चाकांवर ट्रॅक्टरचे सुमारे १३०० किलो आणि ट्रॉलीच्या दांडीवरून येणारे ५०० किलो, असे १८०० किलो वजन आहे असे समजा. चिखल आलेल्या ओल्या डांबरावर टायरची पकड वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत घसरू शकते, म्हणजे तुमच्या हाती ६०० किलोची पकड उरते. तिच्यातली ४६० किलो नुसता वेग आहे तेवढा राखण्यात खर्च झाली. समोर एखादी एस.टी. आली, म्हैस आडवी आली, दरडीचा दगड दिसला, तर थांबण्यासाठी शिल्लक राहिली ती फक्त १४० किलो. यात दुसरी ५ टनांची ट्रॉली जोडा. धरायचा जोर ८०० किलोपर्यंत जातो आणि पकड तीच ६०० राहते. किंबहुना ती कमीच होते, कारण दुसऱ्या ट्रॉलीची दांडी पहिल्या ट्रॉलीचे मागचे टोक खाली दाबते आणि पुढचे टोक, म्हणजे ट्रॅक्टरवरचे वजन, हलके करते. अशा वेळी ब्रेक कितीही चांगले असले, ड्रायव्हर कितीही कसलेला असला, तरी चाके थांबतात आणि गाडी घसरतच राहते. म्हणून दोन ट्रॉल्या एकदम नेण्याचा विषय तुम्ही मनातून पूर्णपणे काढून टाका. पावसात तर नाहीच, पण कोरड्या दिवसांतही ब्रेक नसलेल्या दोन भरल्या ट्रॉल्या घेऊन घाट उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. मी शाळकरी वयाचा असताना वडिलांबरोबर गुळाची ट्रॉली घेऊन फोंडा घाट उतरत होतो. दिवाळीच्या तोंडावरचा परतीचा पाऊस होता, मोठा नव्हे, रस्ता नुसता चकाकण्याइतका. मी मडगार्डवर बसलो होतो, जिथे कोणीही बसू नये. एका वळणानंतर उतार वाढला तसा वडिलांनी तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये येण्यासाठी क्लच दाबला. गिअर करकरला, पण पडला नाही. ट्रॅक्टर सुटला. वडिलांनी दोन्ही ब्रेक एकदम दाबले, मागची चाके जागीच थांबली आणि आम्ही तसेच घसरत राहिलो. मी मागे पाहिले तेव्हा ट्रॉली मागे नव्हतीच, ती माझ्या शेजारी येत होती. फाळक्याच्या कोपऱ्यावर रंगवलेले फूल माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होते. वडिलांनी स्टिअरिंग डोंगराकडे फिरवले, पुढचे चाक गटारात गेले आणि दणका बसून सगळे थांबले. गुळाचे रवे रस्त्यावर सांडले होते, पावसाच्या पाण्यात विरघळत होते आणि ते तांबूस पाणी उताराने खाली चालले होते. लोकांनी वडिलांना खाली उतरवले तेव्हा त्यांचा डावा पाय अजून क्लचवरच दाबलेला होता. ते पुढे अनेक वर्षे ट्रॅक्टर चालवत राहिले, पण घाटात उतारावर गिअर बदलताना मी त्यांना पुन्हा कधी पाहिले नाही.

आता तुमच्या ७ खेपांविषयी. माझा पहिला सल्ला असा, की पावसाळ्यात त्या ट्रॅक्टरने नेऊच नका. शेणखत ही पाणी पिणारी वस्तू आहे. मे महिन्यात जी ट्रॉली ४ टनांची होती, तीच ट्रॉली उघड्या ढिगातून आता भरली तर किती वजनाची होईल, हे डोळ्यांनी समजत नाही. बागायतदारांनाही पाणी विकत घ्यायचे की खत, हा विचार करता येईल. त्यांची घाई मात्र समजण्यासारखी आहे, कारण कलमांभोवती चर खणून खत घालण्याचे दिवस पावसाळ्याच्या सुरुवातीचेच असतात आणि उशीर झाला तर त्यांचे नुकसान होते. म्हणून त्यांना स्पष्ट फोन करा आणि उरलेल्या खतासाठी ट्रक ठरवा. ट्रकला स्वतःच्या सर्व चाकांना ब्रेक असतात, माल आणि वाहन एकाच सांगाड्यावर असते, त्यामुळे मागून कोणी ढकलण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय तुमच्या ७ ट्रॉल्यांचे खत त्यात कमी खेपांत जाईल. भाड्यातला फरक तुम्ही आणि बागायतदार मिळून सोसा. या व्यवहारात तुम्हाला फारसा नफा उरणार नाही, हे मी मान्य करतो. पुढच्या वर्षीचा करार करताना सगळ्या खेपा मे अखेरपर्यंत पूर्ण होतील असाच करा. खत बागेत आधी नेऊन टाकले आणि ताडपत्रीने किंवा झापांनी नीट झाकले तर पावसापर्यंत त्याचे काही बिघडत नाही.

तरीही एखादी खेप ट्रॅक्टरनेच न्यायची वेळ आली, तर पुढचे सगळे पाळा, त्यातले सोयीचे तेवढे नव्हे.

निघायचे की नाही हे आदल्या दिवशी ठरवा. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट कोल्हापूर किंवा सिंधुदुर्ग यांपैकी कोणत्याही जिल्ह्याला असेल, तर तो दिवस सोडा. घाटाचा माथा एका जिल्ह्यात आणि पायथा दुसऱ्या जिल्ह्यात आहे, हे लक्षात ठेवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आपण सगळेच पाहतो, ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे इथल्या पोरालाही पाठ असते. पण तुमच्या रस्त्यासाठी ते माप पुरेसे नाही, कारण मांडुकली परिसरात रस्त्यावर पाणी आले की गगनबावड्याकडची वाट बंद होते. जाताना रस्ता मोकळा होता आणि येताना पाणी आले, असे घडू शकते. वाहत्या पाण्यात ट्रॉली घालू नका. रिकामी ट्रॉली तर प्रवाह सहज बाजूला लोटतो. करूळ घाट दरडीमुळे बंद झाला तर वाहतूक भुईबावडा किंवा फोंडा घाटाने वळवतात. २०२४ मध्ये करूळचे काम सुरू असताना अनेक महिने तसेच चालले होते. ट्रकवाल्यांसाठी तो वळसा असतो, तुमच्यासाठी ती घरी परतण्याची सूचना समजा. भुईबावडा घाट अरुंद आहे. ट्रॉली घेऊन तिथे समोरच्या गाडीला बाजू देणे फार अवघड जाते, आणि ट्रॉलीसह घाटात मागे येणे तर कोणालाही सुचवू नये.

ट्रॉली निम्मी भरा. वरच्या हिशेबात वजन ३ टनांवर आणले तर धरायचा जोर ३३० किलोवर येतो आणि पकड ५०० च्या पुढे राहते, म्हणजे थांबण्यासाठी काहीतरी हाती उरते. खत कोरड्या जागेतून भरा, फाळक्याच्या वर ढीग जाऊ देऊ नका आणि निघण्यापूर्वीच ताडपत्री घाला. भरताना जेसीबीवाला सोयीने मागच्या बाजूला टाकत जातो, तिकडे लक्ष ठेवा. वजन चाकांच्या किंचित पुढे हवे. मागे जास्त झाले तर दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात. पुढे फार झाले तर चढावर पुढची चाके उचलून स्टिअरिंग लागेनासे होते.

आदल्या संध्याकाळी ट्रॉलीची पिन काढून हातात घ्या आणि उजेडात धरा. वर्षानुवर्षे एकाच जागी घासून तिला कंबर पडलेली असते. नख फिरवले की ती खाच चटकन जाणवते. अशी पिन बदला, ती काही महाग वस्तू नाही. पिनीच्या खालच्या छिद्रात खिळा किंवा सळईचा तुकडा वाकवून घातलेला असेल, तर तो काढून तिथे योग्य मापाची क्लिप लावा, कारण घाटात ट्रॉली सतत पुढे-मागे हिसके देते आणि असा तुकडा हळूहळू सरळ होऊन निसटतो. दांडी आणि ट्रॅक्टर यांना जोडणारी मजबूत साखळी वेगळी लावा. ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच जोडा, वरच्या बाजूला कधीही नाही. ओढ उंचावरून आली तर चढावर ट्रॅक्टर मागे उलटतो. ट्रॉलीला ब्रेक बसवून मिळतात, आणि शिरोली किंवा उद्यमनगरातल्या कारागिरांकडे चौकशी करणे तुम्हाला अवघड नाही. दरवर्षी कोकणात माल न्यायचा असेल, तर दुसऱ्या ट्रॉलीवर खर्च करण्याऐवजी पहिल्या ट्रॉलीच्या ब्रेकवर करावा, असे मला मनापासून वाटते.

गगनबावड्याला उतार सुरू होण्यापूर्वी सपाट जागा पाहून थांबा. शेतात वळण्यासाठी ब्रेकचे दोन पेडल वेगळे सोडलेले असतात. ते खटक्याने एकत्र अडकवले आहेत का, हे वाकून पाहा. ते सुटे राहिले आणि एकच दाबला गेला, तर ट्रॅक्टर जागेवर आडवा होतो. मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेले असतील, ते फडक्याने पुसा. आणि गिअर तिथेच ठरवा. भरली ट्रॉली घेऊन हाच घाट चढायचा असता तर जो गिअर टाकला असता, तोच किंवा त्याहून खालचा गिअर टाका, हात-थ्रॉटल कमी करा आणि मग खाली सपाटी लागेपर्यंत क्लचला पाय लावू नका. न्यूट्रलमध्ये सोडून डिझेल वाचवण्याची सवय घाटात जीव घेते. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. थोडा दाबा, वेग उतरला की सोडा, म्हणजे तो तापणार नाही. मागची चाके थांबून घसरायला लागली, तर ब्रेक सोडा आणि चाके पुन्हा फिरू द्या, कारण फिरणाऱ्या चाकालाच दिशा असते. घसरण गिअरच्या ओढीमुळेच होत असेल, तर किंचित थ्रॉटल द्या. हे मनाविरुद्ध वाटते, म्हणून आधी गावातल्या एखाद्या छोट्या उतारावर रिकाम्या ट्रॉलीने करून पाहा. ट्रॅक्टर फोर व्हील ड्राइव्हचा असेल, तर उतरताना ती जोडणी चालू ठेवा. पुढची चाकेही इंजिनाला धरून राहतात. आणि इतके करूनही गाडी सुटलीच, तर दरीकडे किंवा समोरून येणाऱ्यांच्या अंगावर न जाता डोंगराकडच्या गटारात घाला. ट्रॅक्टर मोडेल, तो दुरुस्त होतो.

वळणावर ट्रॉलीची चाके ट्रॅक्टरच्या चाकांमागून न येता आतल्या बाजूने कापत येतात. वळण दरीच्या बाजूला असेल, तर तुम्ही डांबरावर असताना ट्रॉलीचे चाक साइडपट्टीवर असू शकते, आणि पावसात भिजलेली साइडपट्टी वरून घट्ट दिसली तरी वजन आले की खचते. म्हणून वळण थोडे रुंद घ्या, वेग वळणाआधीच उतरवा. धुके दाट झाले तर रस्त्यात थांबू नका, मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही; दिव्यांचा झोत खाली ठेवून रुंद जागेपर्यंत जा आणि तिथे पूर्णपणे बाजूला व्हा. डोंगरावरून येणारे पाणी एकाएकी गढूळ झाले, बारीक खडे पडायला लागले, झाडे रस्त्याकडे झुकलेली दिसली, तर त्या जागेखाली एक मिनिटही थांबू नका. रात्री हा घाट ट्रॉलीने उतरू नका. सोबतीचा माणूस मडगार्डवर, दांडीवर किंवा खतावर बसवू नका. तो मागून दुसऱ्या गाडीत, इंडिकेटर लावून येऊ दे. तुम्हाला थांबावे लागले, तर चाकांखाली लावायला दोन लाकडी ठोकळे त्याच्याजवळ असावेत, आणि ते त्याने बाजूने लावावेत, ट्रॉलीच्या मागे उभे राहून नव्हे.

चिऱ्याविषयी थोडक्यात सांगतो. जांभा सच्छिद्र असतो, पावसात पाणी धरतो, आणि ओला चिरा भरून घाट चढताना मागची चाके फिरायला लागली, तर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागे खेचत नेते. तेव्हा ब्रेक नसलेली ट्रॉली मागच्या मागे तिरकी होऊन रस्ता अडवते किंवा दरीकडे जाते. परतीचे डिझेल एवढ्यासाठी सोडवू नये. येताना ट्रॉली रिकामी आणा आणि चिरा दिवाळीनंतर बघा.

कागदपत्रांचीही एक गोष्ट आहे. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरहून वेगळी असावी लागते. तुमच्या विमा पॉलिसीत वापर शेतीसाठी असा लिहिला असेल, तर दुसऱ्याचा माल पैसे घेऊन वाहताना अपघात झाल्यास दावा अडू शकतो. पॉलिसी काढून वाचा आणि विमा प्रतिनिधीला हा नेमका प्रश्न लेखी विचारा.

राहिली घरातली बाब. मागच्या खेपेला काय झाले, ते आज रात्रीच वडिलांना आणि चुलत्यांना, दोघांनाही एकत्र बसवून सांगा. चुलते तुम्हाला भित्रा म्हणतील असे वाटत असेल, तर वरचा हिशेब कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवा आणि तुमच्या ट्रॉलीचे खरे वजन वजनकाट्यावर करून त्यात घाला. वीस वर्षे ऊस वाहिलेल्या माणसाला वजनकाट्याची पावती वाचता येते. शिवाय इतक्या वर्षांत कधीतरी क्लच दाबल्यावर मागून तोच रेटा त्यांनाही बसला असेल, आणि त्यांनीही तो घरी सांगितला नसेल. त्यांना तेही विचारा.